न परतलेली मत्स्यगंधा

"बेचाळीसच्या बेचाळीस होड्या बंदरात परतल्या आहेत," टेहळ्याने शांत आवाजात सांगितले.

ओवी मालंडकरने पुन्हा एकदा सगळा धक्का नजरेने चाळला. बाबांची निळी 'मत्स्यगंधा' कुठेच नव्हती. वादळाचा इशारा येऊन तास झाला होता आणि पश्चिमेचे आभाळ काळवंडले होते.

ही गोष्ट २०४३ सालची. शिरवाडी बंदराची राखण तेव्हा टेहळ्या करी. तो एक एजंट (स्वतः माहिती शोधून, ठरवून काम करणारा संगणक-मदतनीस) होता. कुणी परतले नाही, तर बचावनौका तोच पाठवी. साऱ्या गावाचा त्याच्यावर विश्वास होता. ओवीचा त्या क्षणी उडाला.

ती धावत बंदर केंद्रात शिरली. तिथे टेहळ्याचे काम पाहणाऱ्या संशोधक शरयूमावशी बसल्या होत्या.

"मावशी, हा खोटं बोलतोय!"

"यंत्र कशाला खोटं बोलेल, ओवी?"

"मग विचारा त्याला, मत्स्यगंधा कुठाय?"

"मत्स्यगंधा दोन वाजून दहा मिनिटांनी पाच नंबरच्या धक्क्याला लागली," टेहळ्या म्हणाला. "रंग निळा आणि हिरवा. मालक यशवंत मालंडकर आणि इब्राहिम मुकादम."

"हे मुकादम कोण? बाबांचा कुणी भागीदार नाही! आणि आमच्या होडीला हिरवा रंग कुठाय?"

शरयूमावशींचे हात एकदम थांबले. ओवीच्या नजरेतून ते सुटले नाही.

"तुम्ही काहीतरी लपवताय."

"लपवत नाही गं. चूक माझीच दिसतेय." मावशींनी आधी बचावनौकेला तयार राहायला सांगितले. पण शोधायचे कुठे? समुद्र काही लहान नव्हता. त्यांची बोटे भराभर चालू लागली.

"तिथल्या होड्यांवरही लक्ष ठेवायला सोमवारी मी पलीकडच्या कर्लेबंदराची नोंदवही टेहळ्याला दिली. नोंदवही म्हणजे तक्ता. एका ओळीत एक होडी, आणि रकान्यांत मालक, रंग, क्रमांक. पण टेहळ्या ज्ञानजालावर (गोष्टींचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या नात्यांच्या रेषा) विचार करतो. म्हणून ओळीतल्या होडीचा एक ठिपका करायचा, मालकाचा दुसरा, आणि मधल्या रेषेवर लिहायचं, 'मालक आहे'. मग रेषा धरून तो उत्तरापर्यंत पोचतो."

"मग बिघडलं कुठं?"

"नवी ओळ आली की आधी बघावं लागतं, ही होडी जाळ्यात आहे का? ते मी नावावरून ओळखायला सांगितलं."

ओवीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हणजे कर्ल्यालाही एक मत्स्यगंधा आहे! त्यानं दोघींचा एकच ठिपका केला. परतली ती मुकादमांची, तिकडे कर्ल्याच्या धक्क्याला!"

"आणि ती परतली म्हणून त्याला वाटलं, तुमचीही परतली."

"आमच्या वर्गात दोन रेवा आहेत. हजेरी नंबरानं घेतात, म्हणून घोटाळा होत नाही."

"होडीचाही नोंदणी क्रमांक असतो. एका होडीचा दुसरीला कधीच नसतो. तोच वापरायला हवा होता." मावशींनी शिरवाडीचा आणि कर्ल्याचा, असे दोन्ही तक्ते पुन्हा भरले, या वेळी क्रमांकावरून. पडद्यावरचा एक ठिपका फुटून दोन झाले. रेषा आपापल्या जागी गेल्या.

टेहळ्याचा आवाज आला, "त्रेचाळीसपैकी बेचाळीस होड्या परतल्या आहेत. यशवंत मालंडकर यांची मत्स्यगंधा बाहेर आहे. शेवटचा ठावठिकाणा: काळखडकाच्या वायव्येला सहा सागरी मैल. बचावनौका पाठवत आहे."

पुढचे दोन तास ओवी धक्क्यावरून हलली नाही. वारा घोंघावत होता. टेहळ्या अधूनमधून काही सांगे, पण तिचा आता डोळ्यांवरच भरवसा होता. अखेर बचावनौकेचा दिवा दिसला. मागे दोराला बांधलेली निळी होडी हेलकावत होती. इंजिन बंद पडले होते. बाबा चिंब भिजून कुडकुडत उतरले आणि ओवीने त्यांना घट्ट मिठी मारली.

महिन्याभराने तिसऱ्या एका बंदराची नोंदवही आली. ओवी मुद्दाम पाहायला गेली होती. आता जाळ्यातल्या प्रत्येक रेषेवर ती कुठल्या नोंदवहीतून आली, हेही लिहिलेले असे. ओळींमागून ओळी ठिपके होत गेल्या आणि अचानक टेहळ्या थांबला.

"या दोन ओळींपैकी एकीत क्रमांक अर्धवट आहे. होडी एकच की दोन, याची मला खात्री नाही. मी त्या जोडणार नाही. त्यातली एक आत्ता आपल्याच धक्क्याला आहे. कुणीतरी तिचा क्रमांक प्रत्यक्ष बघून सांगावा."

शरयूमावशींनी ओवीकडे पाहिले. ती केव्हाच दाराशी पोचली होती.

"थांब टेहळ्या," ती म्हणाली, "मी बघून येते."