काळे गाल

"सिगारेट विझवा. आधी विझवा, मग बोला."

हे माझं त्याच्याशी पहिलं बोलणं. टेम्पेलहोफच्या काचेच्या स्टुडिओत मी फिल्मचे तुकडे आणि मधल्या अक्षरांच्या पाट्या चिकटवायचे. तो दार चुकून माझ्या खोलीत शिरला होता — अंगावर मच्छीमाराचा वेश, ओठांत सिगारेट.

"इतकी भीती?"

"ही फिल्म दारूगोळ्यासारखी पेटते. एक ठिणगी पडली ना, तर तुमची राख कुठली आणि माझी कुठली, ते घरच्यांना कळणार नाही."

त्यानं सिगारेट बुटाखाली चिरडली. कास्पर ब्रेनेके. इतकी वर्षं मूकपटांतल्या गर्दीत मरत आलेला नट, पहिल्यांदाच नायक झालेला.

त्यानंतर मी काही ना काही निमित्त काढून शूटिंगला जाऊ लागले. कॅमेऱ्याशेजारी उभी राहायचे. नुसतं बघायला…

पाटी : दिग्दर्शक चिडतात.

"हा नायिकेला जवळ घेतोय, की याला देवी आल्यात?"

पडद्यावर कास्परचे दोन्ही गाल काळे. साहेबांना दर्यावरचे उघडे चेहरे हवे होते, म्हणून पावडर कुणालाच नव्हती. उद्या शेवटची संधी. पुन्हा डाग दिसले, तर भूमिका दुसऱ्याला.

आमच्या फिल्मला लाल रंग काळा दिसतो. म्हणजे… तो लाजत होता. नायिकेसाठी?

पाटी : ती तुकडे तपासते.

खिडकीच्या उजेडात. काळा गाल. काळा. मग — स्वच्छ. हा मंगळवारचा. मंगळवारी मी कुठे होते? दाढ दुखत होती, घरी. पुन्हा काळा. पुन्हा स्वच्छ — त्या दिवशी मला गोदामात धाडलं होतं.

नायिका तर प्रत्येक तुकड्यात होती.

मी तुकडा खाली ठेवला. माझे कान तापले होते.

पाटी : दुसऱ्या दिवशी ती जात नाही.

संध्याकाळी तो आला. या वेळी दार चुकलं नव्हतं.

"आज आली नाहीस, ओटिली."

"शॉट कसा झाला?"

"साहेब खूश आहेत. भूमिका राहिली. तू का नाही आलीस?"

"तुमचे गाल का काळे येतात, ते कळलं म्हणून."

तो हळूच स्टुलावर बसला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत? भूमिका गेली असती —"

"सांगितलं असतं, तर तू यायची बंद झाली असतीस."

मी कात्री उचलली. कापायला काहीच नव्हतं. खाली ठेवली.

"उद्याही येऊ नकोस," तो म्हणाला. "उद्या मिठीचा शॉट आहे."

"बरं."

"पण काम सुटल्यावर… ट्रामच्या थांब्यावर येशील?"

"येईन. पण तू आधी जाऊन उभा राहा."

"का गं?"

"मला लांबून चालत यायचंय. नक्की कितव्या पावलाला तू लाल होतोस, ते बघायचंय."