निळ्या दोरीच्या गाठी

"परवा माझ्या नवऱ्याचं लायसन रद्द होणार," दारातच ती म्हणाली. "आणि तो माणूस तोंड उघडायला तयार नाही."

बाईंनी तिला बसवलं. खासगी तपास करणाऱ्या बाईंकडे येणारे बहुतेक लोक आधी रडत. ही रडली नाही. बाईंचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, पाणी घेऊन आले आणि स्वतःच पिऊन बसले.

हकिगत सरळ होती. तिचा नवरा वायरमन. त्याने एका नव्या घराचं वायरिंग केलं होतं. गेल्या आठवड्यात त्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीतून जाळ निघाला. तो विझवताना मालकिणीच्या सासऱ्यांचे दोन्ही हात भाजले. वीज खात्याच्या तपासनिसाने भिंत फोडली, तर पाइपाच्या पोटात वायरीला टेप गुंडाळलेला जोड! पाइपात जोड देणं म्हणजे वायरमनला महापाप.

"ते असं करणार नाहीत," ती म्हणाली. "त्यांच्या कामाला शिस्त आहे. बटणांच्या प्रत्येक पेटीत वायरीचा एक वळसा शिल्लक ठेवतात, पुढे गरज पडली तर. आणि प्रत्येक पाइपात वायरीसोबत एक निळी दोरी सोडतात. उद्या नवी वायर घालायची, तर दोरीला बांधून ओढायची. ओढताना मागून दुसरी दोरी जोडायचीच. पाइप कधी रिकामा नाही. त्या दोरीला वितीवितीवर गाठी मीच मारून देते. गाठी मोजल्या की पाइपाची लांबी कळते."

"मग ते गप्प का?"

"देव जाणे! जाळानंतर तिथे गेले, पेटी उघडून पाहिली आणि तेव्हापासून मौन. तिथलं सुतारकाम माझ्या धाकट्या भावाचं. ह्यांनीच त्याला मिळवून दिलं होतं. त्याला विचारा, तो सांगेल ह्यांचं काम कसं असतं. हल्ली तो आमच्याकडे फिरकत नाही, कामात बुडालाय."

बाई आणि दादा त्या घरी पोहोचले. स्वयंपाकघराची भिंत काळी पडली होती. बटणांच्या पेटीच्या बरोबर वर, सरळ रेषेत, तपासनिसाने पाडलेलं भगदाड होतं. भगदाडाच्या उजवीकडे भिंतीवर लावलेलं कपाट. बाईंनी त्याचं दार उघडलं. ते अर्धं उघडून खिडकीच्या चौकटीवर आदळलं.

"हे असं कसं?" दादांनी विचारलं.

"कपाट मधोमध, पेटीच्या वर हवं होतं मला," मालकीण म्हणाली. "मी माहेरी गेले होते, आले तर हे इकडे. सुतार म्हणाला, इथे उजेड चांगला येतो. बंद कपाटाला उजेड कशाला लागतो हो?"

"तेव्हा वीज होती घरात?"

"छे, मीटर नंतर बसला."

मग घर रंगवणाऱ्या रंगाऱ्याला गाठलं. त्याने हात झटकले. "मी आलो तेव्हा कपाट लागलेलं होतं. त्याच्या शेजारी भिंतीला पुट्टी भरलेली दिसली, ओबडधोबड. मी घासून रंग मारला. पुट्टी माझी नाही, माझी असती तर दिसलीच नसती."

बाईंनी साऱ्या घरातल्या पेट्या उघडायला लावल्या. प्रत्येकीत वायरीचा सुबक वळसा आणि निळ्या दोरीचं टोक. फक्त स्वयंपाकघरातल्या पेटीत वायर ताणून बसवलेली. दोरी नाहीच.

"जळली असेल," दादा म्हणाले.

"पेटीपर्यंत जाळ आलाच नाही, दादा. वायरीचं प्लास्टिक कोरं करकरीत आहे."

सुतार शेजारच्या गल्लीत एक दार बसवत होता. पेन्सिल दोरीने गळ्यात अडकवलेली.

"कान काय कामाचे तुझे?" दादांनी चेष्टा केली.

"कानावरची पडते हो." तो हसला नाही. बोलताना पेन्सिलीच्या दोरीच्या एकेका गाठीवरून त्याचं बोट फिरत होतं. "भाऊजींची चूक झाली असेल. माणूसच आहे. मी वायरीला कधी हातही लावत नाही."

बाईंनी त्याला संध्याकाळी त्या घरी बोलावलं.

स्वयंपाकघरात सगळे जमले. वायरमन कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. बायको त्याच्या शेजारी.

"हा जोड वायरमनचा नाही," बाई म्हणाल्या. "त्याची वायर पेटीपासून सरळ वर जाते. कपाट मधोमध बसवायला कुणीतरी तिथेच बॅटरीवरचं ड्रिल मारलं. पाइप फुटला, वायर तुटली. मीटर नव्हता, म्हणून झटका बसला नाही, कुणाला कळलं नाही. त्याने तुटलेली वायर बाहेर काढली, जोडली, पाइपातल्या दोरीला बांधून पुन्हा आत ओढली. जोडात लांबी गेली, म्हणून वळसा संपला. दोरी त्याच्या हातात आली. पण मागून दुसरी दोरी जोडायची असते, हे त्याला माहीत नव्हतं. वायरमन हे विसरूच शकत नाही. मग भोक पुट्टीने बुजवलं आणि कपाट खिडकीकडे सरकलं."

दादांनी कपाटाकडे पाहिलं, मग सुताराकडे. उशिरा का होईना, ट्यूब पेटली.

"दोरी तर कुठेही मिळते!" सुतार एकदम म्हणाला.

"मिळते. पण गाठी?"

वायरमनची बायको पुढे झाली. भावाच्या गळ्यातली निळी दोरी तिने बोटांत धरली, वीत लावली. गाठ. पुन्हा वीत. पुन्हा गाठ.

"ह्या माझ्या हातच्या आहेत," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पेटीत दोरी दिसली नाही आणि याच्या गळ्यात दिसली," तो पुटपुटला. "तुला एकच भाऊ आहे."

"ताई, मी घाबरलो गं," सुताराला रडू फुटलं. "पहिलंच मोठं काम होतं. आणि नंतर म्हातारबाबांचे हात भाजले, मग तर..."

"तेव्हा तरी बोलायचंस! ज्याने तुला कामाला लावलं, त्याच्याच पोटावर पाय दिलास?"

दादांनी डोळे पुसले आणि आपल्या बहिणीच्या, बाईंच्या, खांद्यावर हात ठेवला.

वायरमनच्या बायकोने भावाच्या मानेमागची गाठ सोडवली. पेन्सिल काढून त्याच्या खिशात ठेवली आणि दोरी बाईंच्या हातात दिली.

"परवा तपासनिसाला दाखवा," ती म्हणाली. "आणि हा येईल माझ्याबरोबर, स्वतःच्या तोंडाने सांगायला. मी हात धरून नेईन, लहानपणी शाळेत नेत होते तसा."