तेरावी ओळ

आमचं ऑफिस लिफ्ट दुरुस्तीचं. रोज सकाळी मी स्प्रेडशीटची नवी फाइल उघडतो, त्या दिवशी तपासायच्या बारा लिफ्ट टाईप करतो आणि यादी छापून मेकॅनिकच्या हातात देतो. शेवटचा रकाना कोरा असतो. लिफ्ट चालू की बंद, ते तो तपासून भरतो.

गेल्या महिन्यापासून यादीच्या तळाशी तेरावी ओळ निघू लागली. मी न टाईप केलेली, पण माझ्या बाकीच्या ओळींसारख्याच अक्षरात. शेवटच्या रकान्यात आधीच 'बंद'. आणि ती लिफ्ट दुपारपर्यंत खरोखर अडकायची.

माझा संशय समोरच्या टेबलावरच्या बाईंवर. ही यादी आधी त्यांच्याकडे होती. साहेबांनी काढून मला दिली. तेव्हापासून आमचं बोलणं स्टेपलर मागण्यापुरतंच. मी संशयी आहे असं घरचेही म्हणतात. असेन. पण कुणी मला उल्लू बनवलेलं मला खपत नाही.

म्हणून सापळा लावला. कुणाला न सांगता माझ्या मशीनवरचा डिफॉल्ट फॉन्ट बदलला. बारीक, तिरका, मलाही न आवडणारा. आता माझी प्रत्येक नवी फाइल त्याच अक्षरात उघडणार. बाहेरून कुणी ओळ आणून चिकटवली, की ती आपलं अक्षर घेऊन येणार आणि चोर सापडणार.

दुसऱ्या दिवशी बारा ओळी तिरक्या. तेरावी जाड, गोलगरगरीत. 'ल'ची दोन्ही पोटं फुगलेली. मी ताडकन उठून बाईंच्या स्क्रीनवर डोकावलो. तिथली अक्षरं नेहमीचीच, साधी.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने दोन्ही मशीन चाळली.

"हा फॉन्ट तुमच्याकडे नाहीच. बाईंकडेही नाही."

"मग दिसतोय कसा?"

"ते मला नका विचारू," म्हणाला आणि चहा अर्धा टाकून गेला.

काल तेराव्या ओळीत बाबांच्या इमारतीचा पत्ता होता. बाबा तिथे सहाव्या मजल्यावर एकटे राहतात. गुडघे गेलेत, जिना जमत नाही. अकरा वाजता त्यांना डॉक्टरकडे जायचं होतं.

माझं डोकं फिरलं. हा पत्ता माझ्या बाबांचा, हे ऑफिसात फक्त बाईंना ठाऊक. यादी त्यांच्याकडे होती तेव्हा, बाबांकडे राहायला जाण्यासाठीचा माझा रजेचा अर्ज पत्त्यासकट त्यांनीच टाईप केला होता.

"बाई, आता हद्द झाली! माझ्या वडिलांवरून थट्टा?"

त्यांनी ओळ वाचली. चेहरा उतरला.

"भांडण नंतर करा हो. आधी त्यांना फोन लावा."

मी लावला नाही. मला आधी कबुली हवी होती. दहा मिनिटं मी तावातावाने बोलत राहिलो आणि त्या एकच म्हणत राहिल्या, "फोन लावा."

अकराला पाच कमी असताना लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला. पुन्हा रिंग. आता मात्र मी घाबरलो.

मग बाबांचा मेसेज आला. 'खाली पोहोचलो.'

मी हुश्श केलं. मोबाईल बाईंसमोर नाचवला.

"बघा! सुखरूप आहेत."

बाई हसल्या नाहीत. मोबाईल हातात घेऊन त्यांनी मेसेज जवळून पाहिला.

"तुमच्या फोनवर अक्षरं अशीच येतात का?"

बाबांचे वरचे सगळे जुने मेसेज बारीक, साध्या अक्षरात होते.

हा जाड होता. 'ल'ची दोन्ही पोटं फुगलेली.