तोकडी नळी

तळं गोठायच्या आत तळाशी पडलेली पेटी वर काढायची, एवढ्यासाठी ही मोहीम निघाली होती. हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी वर्षभर पाण्याचं तापमान टिपायला ती सोडली होती, आणि तिची दोरी तुटली होती. काठाशी तर बर्फाची साय धरू लागली होती!

उतरणार होती दोघं, वहिनी आणि तिचा धाकटा दीर. मोहिमेची सूत्रं वहिनीकडे होती. तिसरा होडीवाला, त्याचं तोंड वल्ह्यापेक्षा जास्त चालायचं.

खोल जाताना पाणी ड्रायसूटला, म्हणजे अंग कोरडं ठेवणाऱ्या पोशाखाला, आवळतं, म्हणून सिलिंडरमधली हवा एका नळीने छातीवरच्या झडपेतून आत घ्यावी लागते. पिशवीतून अशा दोन नळ्या निघाल्या. एक लांब, जाड हातमोज्यातही पकडता येईल अशा रुंद कड्याची. दुसरी तोकडी, बारीक कड्याची. दीर ताडमाड, लांब नळी त्याचीच, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पण पेटी वहिनीला स्वतःच्या हातानं काढायची होती. कपारीत हात घालायला आपल्यालाच मोकळेपणा हवा, असं मनाशी घोकत तिने लांब नळी स्वतःला लावली.

"भावजी, हात वर करा बघू."

त्याने हात वर केला. नळी ताठ झाली. वहिनीने ते पाहिलं.

"बसतेय," ती म्हणाली.

"सगळं ठीक ना?" होडीवाल्याने सहज विचारलं.

"न असायला काय झालं? तुम्ही होडी सांभाळा!" चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

खाली हिरवट अंधार होता आणि गालाला थंडी चावत होती. उतरत्या खडकाच्या कपारीत पेटी अडकलेली दिसली. वहिनीने हात घातला. पुरेना! पुन्हा घातला. बोटभर अंतर उरलं. दिराने खूण केली, मी बघतो. इथे तरी तिने त्याला अडवायला हवं होतं. ती बाजूला सरकली.

त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला. नळी ताणली. बारीक कडं खडकाला घासलं आणि झडपेवरून सटकलं! पेटी हाती आली, पण तिच्या वजनाने तो उतारावरून खाली घसरू लागला. त्याने छातीवरचं बटण दाबलं. हवा नाही! सूट आवळत चालला. नळी तो चाचपडत होता, ती छातीपर्यंत पोचत नव्हती. वर तरंगवणाऱ्या पाठीवरच्या फुग्याचं बटण आखडलेल्या हाताला सापडेना.

वहिनी झेपावली. पट्टा पकडला! स्वतःची नळी उपसली आणि त्याच्या झडपेत खुपसली. दाब! दाब! सूट सैल झाला. त्याने पेटी सोडून दिली. ती गडगडत खोल काळ्या पाण्यात गेली. एकमेकांना घट्ट धरून, सुटांमधली फुगलेली हवा सोडत, दोघं सावकाश वर आली.

होडीत पडल्यापडल्या दीर म्हणाला, "पेटी सुटली माझ्या हातून. चुकलंच माझं, वहिनी."

त्याच्या मानेवर सूट आवळल्याचे लाल वळ उठले होते.

"तुमचं नाही चुकलं, भावजी. नळी तोकडी होती आणि मला दिसलं होतं. तुमची नळी मी घेतली. पेटी माझ्या हातानं काढायची हौस होती ना मला!"

त्याने मान चोळली.

"तोकडी आहे हे मलाही जाणवलं होतं," तो हळूच म्हणाला. "पण तुम्ही बघितलंय म्हटल्यावर काय बोलायचं?"

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! वहिनीला रडू फुटलं.

होडीवाला घुटमळला. "अजून एखादा दिवस पाणी मोकळं राहील. उद्या बघायचं का परत?"

"नाही. फार खोल गेली ती," डोळे पुसत वहिनी म्हणाली. "राहू दे तिथेच. का राहिली, ते त्या लोकांना मी सांगेन."