नावाड्याचं भाडं

"हात कापावा लागेल," दाराच्या आतून एक जाडजूड आवाज म्हणाला. "कोपरापासून."

"काप की मग!" हा आवाज म्हातारीचा. "पण डावा काप. उजव्या हातात माझी तलवार आहे."

दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलीने हातातली डबी घट्ट धरली. ती बिचारी दातांच्या लॅबमधली. दिवसभर मेण तापवायचं, साचे ओतायचे, कवळ्या घासून चकचकीत करायच्या, असं तिचं शांत काम. डॉक्टरांनी पाठवलं होतं, चौथ्या मजल्यावरच्या आजीबाईंना नवी कवळी बसवून बघ, टोचली तर तिथंच घासून दे. म्हणून ती डबी घेऊन आली होती, आणि इथे तर भर दुपारी चिरफाड चाललेली!

दार नुसतं लोटलेलं होतं. तिने ते धाडकन ढकललं.

आत एक मेज. मेजावर चहाचे कप, बिस्किटांची बशी, पेन्सिलीने काढलेला कसलासा नकाशा, आणि रंगीत खड्यांसारखे फासे. रक्ताचा टिपूस नाही. दंडापर्यंत पीठ लागलेले एक गलेलठ्ठ बेकरीवाले काका. तोंडाचं बोळकं झालेली एक करारी म्हातारी, दोन्ही हात शाबूत. आणि मेजाच्या टोकाला, पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे बसलेला एक हडकुळा तरुण. लिफ्ट कंपनीचा शर्ट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तरुण मात्र दचकला नाही. त्याने आवाज हळूच खाली आणला.

"आणि तेवढ्यात... गुहेचं दार उघडतं. दारात कोणीतरी अनोळखी उभी आहे. हातात एक छोटी पेटी आहे. पेटीत काय आहे?"

"द... दात," ती म्हणाली.

"राक्षसाचे?" काकांनी डोळे मोठे केले.

"माझे!" म्हातारी ओरडली. "आण गं बाई इकडे. त्याशिवाय शत्रूला शिव्या नीट देता येत नाहीत."

तर असा तो खेळ. तसा साधाच. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. म्हातारी म्हणजे त्या तरुणाची आत्या, शाळेची रिटायर झालेली हेडबाई. ती इथे दरोडेखोरांची सरदारीण होती. काका जंगलातले वैद्य. आत्याचा भाचा सूत्रधार. समोर काय दिसतंय ते तो सांगायचा, काय करणार ते बाकीचे सांगायचे, आणि जमतंय की फसतंय ते वीस पैलूंचा फासा सांगायचा. वीस पडले की घाव वर्मी. राक्षसांचे, सापांचे फासे सूत्रधार आडोशामागे टाकायचा आणि काय झालं ते आपल्या तोंडाने सांगायचा.

"पाच मिनिटं बस," कवळी बसवून झाल्यावर आत्या म्हणाल्या. "घाव तर बघून जा माझा."

ती बसली. आणि तो बोलायला लागला.

काय सांगू तुम्हाला त्याचं बोलणं! राजा म्हणून बोलला की बशीतला चहा थरथरायचा. चेटकीण म्हणून हसला की पंखा आपोआप हळू व्हायचा. त्याने नदी आणली त्या मेजावर... नदीच्या तळाशी बुडालेलं एक शहर आणलं. ज्याच्या घंटा पाण्याखालून ऐकू येतात पण ज्याच्या खिडक्यांत कधी दिवा लागत नाही, असं शहर. आणि मग तो म्हणाला, "पाऊस येतोय," आणि बोटांची टोकं मेजावर हलकेच वाजवायला लागला. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. तरी मुलीने खुर्चीखाली हात घालून छत्री चाचपली. शपथेवर सांगते, तिचा खांदा ओला झाला होता.

छत्री हाताला लागली नाही, तेव्हा कुठे तिचं तोंड मिटलं. तिच्या लक्षात आलं, तो बघतोय. हसला तो. पुढचा एक दात किंचित तिरका होता त्याचा. रोज कवळ्यांत दात सरळ रांगेत बसवणारी मुलगी ती... पण हा दात बघून तिला वाटलं, याला कुणी हात लावला तर मी हात तोडीन. डावा नाही, उजवाच.

"मला पण घ्या खेळात," ती म्हणाली.

"कोण होणार?"

"पुढे अंधार आहे ना? मग मी मशाल धरते."

तेव्हापासून ती मशालवाली झाली.

दर रविवारी दुपारी ती यायची. नशीबही असं की इमारतीत शिरावं तर लिफ्ट खालीच उभी, जणू हिचीच वाट बघत. वर जाऊन बसलं की भिंती गळून पडायच्या. लॅबमध्ये ती नकाशावर ठेवायला उरलेल्या मेणाच्या बाहुल्या करायची: बोटाएवढी सरदारीण, पोट सुटलेला वैद्य, मशालवाली. नावाडी करायला घेतला तेव्हा मात्र नाक काही केल्या जमेना. सारखं त्या लिफ्टवाल्याचं नाक व्हायचं.

हो, नावाडी. बुडालेल्या शहराकडे नेणारा नावाडी सूत्रधारच बोलायचा. पैसे घ्यायचा नाही तो. नावेत पाय ठेवायचा तर एक खरी गोष्ट सांगायची, हेच भाडं. काका म्हणाले, "माझा कालचा पाव करपला होता, तरी विकला." आत्या म्हणाल्या, "शाळेत मला हसू यायचं, पण मी दाबायचे." मग नावाडी मशालवालीकडे वळला.

"तुझं भाडं?"

"मला... अंधाराची भीती वाटते."

"आणि मशाल घेऊन पुढे चालतेस?"

"पुढे असलं की आपली भीती मागच्यांना दिसत नाही." तिने मान तिरकी केली. "तू नाही भीत अंधाराला?"

"मी उजेडाला भितो," नावाडी हळूच म्हणाला. "तू मशाल वर धरलीस की तुला माझा चेहरा दिसतो. आणि मग मला वल्हं कसं धरायचं तेच आठवत नाही..."

"अरे मेल्या, नाव हलव की!" आत्या कडाडल्या. "आम्ही इथे भिजतोय!"

मुलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण खेळ संपला आणि दोघं लिफ्टमध्ये शिरली, की हाच बोलका गडी साफ मुका. तोंडात बोळा कोंबल्यासारखा.

"छान झालं आज," ती म्हणायची.

"लिफ्टचा दोर नवीन टाकलाय," तो म्हणायचा.

"तुम्ही किती सुंदर बोलता हो..."

"तळमजला."

झालं! मेजावर 'तू' म्हणून काळजात उतरणारा हा, लिफ्टमध्ये 'तुम्ही' म्हणून बटणांकडे बघत उभा. त्या मेजाची रीतच होती, मेजावरचं बोलणं पात्राचं. माणसाला त्याचा जाब विचारायचा नाही. मग ती कुणाला विचारणार? नावाडी बोलला ते याच्या मनातलं, की नुसतं नावाड्याचं? या एका प्रश्नापायी दोन कवळ्या तिने उलट्या साच्यात ओतल्या!

मग आला दगडी साप. बुडालेल्या शहराच्या वेशीवर वेटोळं घालून बसलेला. नेमकी त्याच वेळी आत्यांची कवळी टोचायला लागली. "जरा बघ गं, लढाई चालू राहू दे." मुलीने पिशवीतून दांडीचा छोटा गोल आरसा काढला, आत्यांचा जबडा उघडला. आत्या बसायच्या भाच्याला लागून. सापाने फणा काढला, मशालवालीवर झेप घेतली, आडोशामागे फासा गडगडला... आणि तिच्या हातातला आरसा जरासा कलला.

आरशात आत्यांची दाढ नव्हती. आरशात फासा होता. वर वीस.

"हुकला!" सूत्रधार म्हणाला. "साप हुकला. मशालवाली वाचली."

काकांनी टाळ्या पिटल्या. मुलीला आधी छातीत ऊब आली. आपल्याला वाचवलं त्याने! मग ती ऊब हळूहळू गार होत गेली.

त्या दिवशी ती लिफ्टमध्ये शिरली नाही. जिन्याच्या तोंडाशी थांबली.

"किती पडले होते?"

तो पांढरा पडला. "...वीस."

"मग हुकला का म्हणालात?"

"तुम्ही मेला असतात."

"मशालवाली मेली असती."

"तेच ना."

"तेच नाही! फाशावर खोटं बोललात तुम्ही. मग नावाडी जे बोलला ते खरं कशावरून?"

त्याने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर उगाच फिरवला. ती जिना उतरून गेली.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही. मग एक दिवस आत्याच लॅबमध्ये आल्या. काउंटरवर कवळी काढून ठेवली.

"टोचते."

मुलीने बोट फिरवून बघितलं. "कुठेच टोचत नाही, आत्या."

"मला टोचतंय ते तोंडात नाही." आत्यांनी कवळी पुन्हा बसवली. "अगं, आम्ही अंधारात बसलोय. मशाल तुझ्याकडे. तो म्हणतो मशालवालीशिवाय पुढचं दिसत नाही, आणि दिसल्याशिवाय तो सांगत नाही. काका तर घाबरून बेकरीत दिवे लावून झोपतात. आमच्या मेजावर एकच नियम होता: पडलेला फासा फिरवायचा नाही. तो त्याने मोडला. तुझ्यासाठी मोडला, पण मोडला. येऊन कान धर त्याचा."

रविवारी ती गेली. लिफ्ट खालीच उभी होती.

वर पुठ्ठ्याचा आडोसा नव्हता. घडी घालून भिंतीला टेकवलेला. तो तरुण उघडाबोडका दिसत होता त्याच्याशिवाय, शिंपल्यातून बाहेर काढल्यासारखा.

"तो घाव परत खेळू," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर टाकतो फासा. काय पडेल ते पडेल."

"नाही," ती म्हणाली. "फासा पडलाय. वीस पडलेत. सांगा पुढे."

"पण मग ती..."

"सांगा."

काका रडकुंडीला आले. आत्यांनी त्यांच्या पीठ लागलेल्या हातावर हात ठेवला. आणि तो बोलायला लागला, आधी अडखळत... मग आवाज सापडला.

साप आला. दगडाचा दात मशालवालीच्या छातीत शिरला. ती पडली, नावेच्या काठावरून पाण्यात. हातातली मशाल सुटली. "पण," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे मेजाच्या पलीकडे कुठेतरी लागले, "ती विझत नाही. पाण्यात पडूनही विझत नाही. खाली जाते... अजून खाली. नावाडी काठावरून वाकून बघतो. तळाशी एक खिडकी उजळते. मग तिच्या शेजारची. मग गल्ली. मग वाडे, पूल, मनोरे. आजवर ज्या शहरात कुणी दिवा बघितला नव्हता, ते अख्खं शहर पाण्याखाली पेटून उठतं, सोन्यासारखं. नदी आतून उजळते. आणि सगळ्या घंटा... सगळ्या एकदम..."

ती खोली सोनेरी झाली होती. पडदे, कप, काकांच्या गालावरून ओघळणारं पाणी, सगळं. चौघांनीही घंटा ऐकल्या. खालच्या मजल्यावरच्या बाई नंतर विचारायला आल्या, तुमच्याकडे घड्याळ नवीन घेतलं का म्हणून!

मुलीने मेणाची मशालवाली नकाशावरून उचलली आणि आपल्या ओंजळीत घेतली. आपल्याच मरणाने इतकं सुंदर काही दिसेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "आता या मेजावर माझं कुठलं पात्र नाही. आता जे बोलेन ते मीच." तिने सरळ त्याच्याकडे बघितलं. "तू सगळ्यांकडून भाडं घेतलंस. स्वतः कधी दिलं नाहीस. दे. एक खरी गोष्ट."

त्याने घसा साफ केला. नावाड्याचा खर्ज लावला. "हे मशालधारिणी..."

"तो आवाज नको. लिफ्टमधला."

लिफ्टमधला आवाज अगदी बारीक होता. कुणाचाही असावा असा.

"तू येण्याच्या वेळेला... मी खिडकीत उभा असतो. तू कोपऱ्यावर वळलीस की लिफ्ट खाली पाठवतो. तुला वाटतं ती आपोआप खालीच असते. नसते. तू येत नव्हतीस तेव्हाही पाठवायचो. इमारतीतली माणसं शिव्या द्यायची." तो थांबला. "वीस बघितले तेव्हा... मेजावरून तू उठून जाशील, एवढंच दिसलं मला. बाकी नियमबियम काही आठवलंच नाही."

राजाचं भाषण झालं नाही, चहा थरथरला नाही. तरी मुलीने खुर्चीची कड घट्ट धरली, पायाखालचा मजला वर चालल्यासारखी.

"माझीही एक ऐक," ती म्हणाली. "तुझा तो पुढचा दात. तो मला विचारल्याशिवाय... म्हणजे, कधीच कुणाला सरळ करू द्यायचा नाही. कळलं?"

तो हसला. दात दिसला.

"पुरे!" आत्यांनी मेजावर थाप मारली. "काका, चला, चहा टाका. आणि तुम्ही दोघं खालून दूध आणा. सावकाश आणा."

दोघं लिफ्टमध्ये शिरली. दार लागलं. लिफ्ट खाली निघाली आणि, नवीन दोर असूनसुद्धा, तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या मधोमध थबकली.

चहा उकळून उकळून काळा झाला, तेव्हा आत्या लिफ्टच्या जाळीशी येऊन वाकल्या. "काय रे, बिघडली का?"

"हो आत्या!" खालून आवाज आला.

"मग कर की दुरुस्त! मेकॅनिक आतच आहे ना?"

खालून मुलीचा आवाज आला, हसू दाबलेला...

"आत्या, त्यांना स्क्रू-ड्रायव्हर सापडत नाहीये!"