फिरवत राहा, वैजिनाथ

खोटं वाटलं तर वाटू द्या. लोकांना पटवत बसायचा जोर आता माझ्यात उरला नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

मी रईस. बीडचा. रस्त्याच्या, तलावाच्या कामावरच्या मोठ्या मशिनी दुरुस्त करण्यात उभं आयुष्य गेलं.

१९९७ चा मे महिना. गेवराई तालुका, तलवाड्याच्या पुढं एका पाझर तलावाचं काम चालू होतं. भुतं रात्री निघतात म्हणे. निघू द्या बापडी. हे भर दुपारी झालं.

आदली रात्र दुसऱ्या साईटवर जागून काढली होती. डोळे नुसते जळत होते. तलावावर पोचलो, मोटारसायकल बाभळीखाली लावली, तर सगळी माणसं चरीकडं पळत होती.

ऑपरेटर सुंदरराव पोकलेनच्या केबिनमधून ओरडला, "लवकर ये बे रईस! वैजिनाथ गाडला गेला!"

वैजिनाथ म्हणजे त्या मशीनवरचा हेल्पर. मी गेलो की माझ्या हाताखाली तोच असायचा. चरीत सिमेंटचे पाईप टाकले होते. माळावर सावली नाही, म्हणून दुपारची भाकरी खाल्ली की तो पाईपात शिरून आडवा व्हायचा. त्या दिवशी चरीची कड ढासळली आणि पाईपाची दोन्ही तोंडं बुजली.

माणसं फावड्यांनी उकरत होती. जेवढं काढतील तेवढं वरून घसरत होतं. वर अडकलेले धोंडे मशीनशिवाय हलणार नव्हते.

आणि मशीन चालू राहत नव्हती.

सुंदररावनं किल्ली मारली. इंजिन लागलं. फेरे दाखवणारा काटा जरा उठला... थरथरला... शून्यावर पडला.

इंजिन बंद.

"सकाळधरनं हेच चाललंय," तो म्हणाला. "त्याच्यासाठीच तर तुला बोलावलंतं."

इंजिनाच्या मागं बोटाएवढा सेन्सर असतो. आतल्या चाकाचे दाते समोरून गेले की तो फेरे मोजतो. त्याला दाते दिसले नाहीत तर मशीन समजते, इंजिन फिरतच नाही. आणि डिझेल तोडते. इंजिन कितीही ठणठणीत असो.

वैजिनाथची बायको शिवम्मा तिथंच मजुरीला होती. हातांनीच मुरूम उपसत होती. बोटं सोलून निघाली होती.

"रईसभाई, तुमी मशीन लावा," ती म्हणाली. "आमचे जिते हायत."

मी मागं जाऊन सेन्सर काढला. टोकाला लोखंडाचा भुगा चिकटला होता. पुसला. पण परत बसवताना दाता नेमका भोकासमोर आणावा लागतो, नाहीतर सेन्सरचं टोक उडतं. हे दोघांचं काम. एकानं पुढं पुलीच्या नटाला मोठा पाना लावायचा आणि इंजिन हातानं फिरवायचं. दुसऱ्यानं मागून भोकात बघायचं, दाता आला की म्हणायचं, "बस." बस म्हणेपर्यंत पुढच्यानं थांबायचं नाही.

मी भोकाला डोळा लावला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "वैजिनाथ, फिरव!"

दाता सरकला...

हळू. बेताबेतानं. तो नेहमी फिरवायचा तसा.

"बस."

दाता थांबला. बरोबर मधोमध.

मला त्या वेळी काहीच खटकलं नाही. दमलेल्या माणसाचं डोकं चालत नाही हो, हात तेवढे चालतात.

सेन्सर बसवला. वायरीच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावला. ओरडलो, "आता फिरवत राहा!"

मीटरचा काटा मेलेलाच. मग मी वायर थोडी थोडी वाकवत पुढं सरकलो. एका पट्टीखाली आलो आणि... काटा थरथरला. तिथं वायर आतून तुटली होती. वरचं कातडं मात्र शाबूत. सकाळपासूनचं दुखणं ते होतं.

सोलली, पिळली, टेप गुंडाळली. काटा आता एकसारखा थरथरत होता.

पुढून आवाज येत होता. कर्र... कर्र...

आणि दम लागलेल्या माणसाचा श्वास.

"सुंदरराव, मार किल्ली!"

ओरडलो आणि काळजात धस्स झालं. नटाला पाना असताना इंजिन लागलं तर पाना भिरकावतो. पुढच्याचं डोकं फुटतं. मी पुढं धावलो...

पुढं कुणीच नव्हतं.

नटाला पानाही नव्हता. तो माझ्या मोटारसायकलला बांधलेला होता, बाभळीखाली. आणल्यापासून मी गाठ सोडलीच नव्हती.

"कावून पांढरा पडला बे?" सुंदरराव वरून म्हणाला. "आन इतका येळ कुणाला हुकूम सोडत होतास?"

इंजिन धडधडत होतं. काटा जागेवर होता. या अल्लाह, म्हटलं, हे नंतर बघू. आधी माणूस काढू.

धोंडे हटले. पाईपाचं तोंड उघडलं. पाय धरून वैजिनाथला बाहेर ओढला.

जिवंत होता! शिवम्मा त्याच्या अंगावर पडून रडायला लागली. मलाही रडू आवरलं नाही.

त्या पाईपात कूस बदलायला जागा नव्हती. हात अंगाला चिकटलेले. पण मी त्याचे तळवे बघितले...

दोन्ही तळव्यांना ताजे फोड. फुटलेल्या फोडांत काळं ग्रीस.

पाणी पाजलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. इतका थकलेला चेहरा मी परत कधी पाहिला नाही.

"लई फिरवलं, रईसभाई..." तो पुटपुटला. "तुमी बस म्हणलाच न्हाईत."

तिथंच त्याचा डोळा लागला. आणि झोपेत उजवा हात हलायला लागला.

हळू. बेताबेतानं.

तेव्हापासून हेच आहे. जागेपणी ठीक. झोप लागली की हात चालू. कपिलधारला नेलं, दर्ग्यात नेलं, औरंगाबादचे डॉक्टर झाले. डॉक्टर म्हणाले, शीर दबली असेल. तेच डॉक्टर असंही म्हणाले, की त्या पाईपात एवढा वेळ माणूस जगत नाही.

वैजिनाथ आता अंथरुणाला खिळलाय. जास्त वेळ झोपेतच असतो.

परवा शिवम्मा माझ्या घरी आली. म्हातारी झालीय. उंबऱ्याशीच बसली.

"एकदा येऊन त्येंना बस म्हणा, रईसभाई. झोपेतबी सुटका न्हाई जीवाला."

"तुमी म्हणून बघा की, वहिनी."

"लई म्हणलं. माझं ऐकत न्हाईत."

शेवटी मनात होतं ते बोललो, "वहिनी, हाताबरोबर बाकीचंबी थांबलं तर?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडं आले."

तिला चहा पाजला. एसटीत बसवून दिलं. उद्या नक्की येतो म्हणालो.

अजून गेलेलो नाही.