एक्केचाळीस लेखांचं पान

बसा. हसणार नसाल तर सांगतो. हिंगोलीत वेबसाइटी करून पोट भरणारा माणूस मी. भुताखेतांशी माझं काय काम?

बंडोपंतकाका ब्लॉग लिहायचे. लेखाखाली कुणी काहीही लिहो, काकांचं उत्तर एकच: 'पोचलं.' गेल्या वर्षी ते गेले. वर्षश्राद्धाला त्यांचे एक्केचाळीसही लेख एकाच पानावर दिसावेत, असं त्यांच्या सूनबाई कालिंदीवहिनींच्या मनात आलं. काकांचं खातं मी सकाळीच काढून टाकलं, लेख वहिनींच्या नावावर केले आणि जेवून थीमच्या, म्हणजे पान कसं दिसावं त्याच्या, कोडला बसलो. सोपं काम हो! एक लेख घ्यायचा, दाखवायचा, पुढचा घ्यायचा. संपले की थांबायचं.

पान उघडलं. पहिलंच शीर्षक... 'कालिंदी, गॅस बघ.' खालीही तेच. त्याच्याखालीही तेच. लोडिंगचं चाक फिरूनच राहिलं, पान काही संपेना.

"गाढवा, पुढं सरकायची ओळ विसरलास," मी स्वतःलाच शिव्या घातल्या. कोड पाहिलं. ओळ जागच्या जागी होती. लेखांची यादी पाहिली. एक्केचाळीस. त्यात या नावाचा एकही न्हाई.

भर दुपारी अंगावर सर्रकन काटा आला. या वेळी घरी वहिनी आणि दीड वर्षाचा रुद्र, दोघंच असतात. फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा झोपेतला आवाज आला.

"काय हो, स्वप्निलभाऊ..."

"वहिनी, गॅस बघा!"

"काहून? ...अगं बाई! केवढा वास... दूध ठेवलं होतं, उतू जाऊन शेगडी विझली वाटतं..."

"दिव्याच्या बटणाला हात लावू नका! लेकराला घेऊन आधी बाहेर व्हा!"

कडी वाजली. मग रुद्रचं रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं न्हाई.

"शेजारच्यांनी टाकी बंद केली हो," थोड्या वेळानं वहिनी हुंदके देत म्हणाल्या. मी खुर्चीत टेकलो आणि येड्यासारखा हसत सुटलो.

पान पुन्हा उघडलं तर सगळं बराबर. एक्केचाळीस लेख, मग शेवट. म्हटलं, ज्यानं कळवलं त्याला आपणही कळवावं. शेवटच्या लेखाखाली लिहिलं: 'काका, दोघंही सुखरूप आहेत.'

तोंडावर पाणी मारून आलो. माझ्या ओळीखाली, सकाळी काढून टाकलेल्या त्याच नावानं, उत्तर आलं होतं.

'पोचलं.'